आयफोटोची जुनी लायब्ररी काढली, तरी डिस्क रिकामी का होत नाही?

मॅकवर आयफोटो या ॲपलच्या जुन्या फोटो ॲपचा संग्रह त्याच्या जागी आलेल्या फोटोज ॲपमध्ये आणला की पिक्चर्स फोल्डरमध्ये दोन लायब्ऱ्या शेजारी शेजारी दिसू लागतात. समजा जुनी १५० जीबी आहे, तर नवीही साधारण तेवढीच दिसते. डिस्क भरत आलेली असते, त्यामुळे जुनी लायब्ररी ट्रॅशमध्ये टाकली की १५० जीबी मोकळे होतील असं वाटणं साहजिक आहे. ट्रॅश रिकामा केल्यावर मात्र हाती येते ती जेमतेम थोडी जागा. यात बिघाड कसलाच नाही. ती जागा दोनदा वापरली गेलेलीच नव्हती.

एप्रिल २०१५ मध्ये ओएस एक्स १०.१०.३ बरोबर फोटोज आलं. स्थलांतर करताना ते मूळ फोटोंच्या नव्या प्रती काढत नाही, हार्ड लिंक तयार करतं. डिस्कवर फाइलचा डेटा एका जागी असतो आणि फाइलचं नाव म्हणजे त्या जागेकडे नेणारी फक्त एक नोंद असते. एकाच डेटाला अशा दोन नोंदी असू शकतात, एका घराला दोन दारं असावीत तशा. एक दार बुजवलं म्हणून घर पडत नाही. शेवटची नोंद पुसली जाते तेव्हाच डिस्क ती जागा मोकळी धरते. फाइंडर मात्र प्रत्येक लायब्ररीचा आकार वेगवेगळा मोजतो, त्यामुळे तोच डेटा दोनदा धरला जातो आणि आपली फसगत होते.

स्थलांतर झालेली जुनी लायब्ररी ओळखणं सोपं आहे. तिचं एक्स्टेन्शन बदलून 'मायग्रेटेडफोटोलायब्ररी' झालेलं असतं. ती काढल्याने किती जागा सुटेल, हेही आधीच कळू शकतं. फोटोज बंद करा, टर्मिनल उघडा, डीयू ही आज्ञा लिहा, पुढे स्पेस, वजाचं चिन्ह, त्याला जोडून एसएच ही अक्षरं आणि पुन्हा स्पेस (du -sh, सगळी अक्षरं लहान). मग आधी नवी लायब्ररी आणि तिच्यामागून जुनी लायब्ररी त्याच ओळीत ओढून टाका. एंटर दाबल्यावर दोन आकडे येतात. डीयू एका फेरीत सामायिक फाइल एकदाच मोजते, म्हणून दुसरा आकडा म्हणजे फक्त जुन्या लायब्ररीत उरलेला डेटा. काढल्यावर सुटणार ती जागा साधारण तेवढीच. क्रम महत्त्वाचा आहे, आणि दोन्ही लायब्ऱ्या एकाच आज्ञेत असायला हव्यात. वेगवेगळ्या मोजल्या तर पुन्हा फाइंडरसारखेच फुगलेले आकडे मिळतील. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असं उत्तर आलं, तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन टर्मिनलला फुल डिस्क ॲक्सेस द्यावा लागतो.

मग जुनी लायब्ररी राहू द्यावी का? मुळीच नाही. हार्ड लिंकचा खरा त्रास पुढे सुरू होतो आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फोटोजमध्ये बसून नकोसे व्हिडिओ निवडून काढले, 'रीसेंटली डिलीटेड'ही रिकामं केलं, तरी स्थलांतरात आलेल्या त्या फाइलींची दुसरी नोंद जुन्या लायब्ररीत शाबूत असते. एक बाइटही सुटत नाही. आयक्लाउड फोटोज चालू करून 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' निवडलं तरी तेच. फोटोज मूळ फाइल मॅकवरून काढतं, पण जुनी लायब्ररी तिला धरून ठेवते. नवी लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर नेली तरी तेच, कारण हार्ड लिंक एका व्हॉल्यूमवरून (म्हणजे एका डिस्कवरून किंवा तिच्या स्वतंत्र भागावरून) दुसऱ्यावर जात नाही. बाहेर पूर्ण प्रत तयार होते आणि आतली जागा अडलेलीच राहते. थोडक्यात, वर आलेला दुसरा आकडा लहान असला तरी जुनी लायब्ररी आधी हटवायची आणि साफसफाई मग करायची.

अर्थात हटवण्याआधी सगळं नीट आलंय याची खात्री हवी. फोटोजमध्ये सगळे फोटो दाखवून तळाशी गेलं की फोटोंची आणि व्हिडिओंची संख्या दिसते. आयफोटोचे इव्हेंट 'आयफोटो इव्हेंट्स' नावाच्या फोल्डरमध्ये अल्बम म्हणून येतात. तारांकनाचे कीवर्ड झालेले असतात, ते शोधून बघता येतात. दहा-पंधरा जुने फोटो पूर्ण आकारात उघडा, दोन-चार व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. आयफोटोत फाइली लायब्ररीत कॉपी न करण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर मूळ फोटो अजून बाहेरच्या फोल्डरांमध्येच आहेत. ते फोल्डर 'जुना पसारा' समजून उडवले तर फोटो कायमचे जातील. असे फोटो निवडून फाइल मेनूतलं 'कन्सॉलिडेट' वापरलं की ते लायब्ररीत येतात. आयक्लाउडवर चढण्यासाठीही हे आवश्यक आहे. आणि एक ताजा बॅकअप घ्याच. आयक्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे: एका यंत्रावर काढलेला फोटो सगळीकडून जातो.

लायब्ररी एकच फाइल दिसते, पण ती खरं तर पॅकेज, म्हणजे बंद फोल्डर असते. तिच्यात शिरून 'मास्टर्स' किंवा 'ओरिजिनल्स' मधल्या फाइली हाताने काढू नका. डेटाबेसमध्ये त्यांची नोंद तशीच राहते आणि लायब्ररी मोडते. काढायची तर अख्खी लायब्ररी.

ट्रॅश रिकामा केल्यावरही आकडा हलला नाही, तर टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप सोयीच्या स्थानिक स्नॅपशॉटकडे, म्हणजे डिस्कच्या त्या त्या वेळच्या जपलेल्या स्थितीकडे बघा. एपीएफएस (ॲपलची नवी फाइल मांडणी) असलेल्या डिस्कवर हे स्नॅपशॉट पुसलेला डेटा साधारण २४ तास धरून ठेवतात. नव्या मॅकओएसमध्ये डिस्क युटिलिटीच्या व्ह्यू मेनूतून ते दिसतात आणि तिथूनच काढता येतात. एक दिवस थांबायची तयारी असेल तर हात न लावणंच उत्तम. फोटोजच्या 'रीसेंटली डिलीटेड'ची मुदत याहून मोठी, ३० दिवसांची असते.

आता खरी जागा. ती बहुतेक वेळा व्हिडिओंमध्ये असते. आयफोनवर हाय एफिशिएन्सी पद्धतीने घेतलेला ४के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमना मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतो, ६० फ्रेमना ४०० एमबी. खिशात चुकून चालू राहिलेलं एक रेकॉर्डिंग शेकडो फोटोंना भारी पडतं. म्हणून सुरुवात 'व्हिडिओज' अल्बमपासून करा. त्यानंतर 'डुप्लिकेट्स': हा अल्बम मॅकओएस १३ व्हेंच्युरापासून आहे, आणि 'मर्ज' केल्यावर चांगल्या दर्जाची प्रत राहते.

'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' जागेची निकड भासेल तसंच काम करतं, त्यामुळे चालू केल्या केल्या परिणाम दिसत नाही. लगेच आणि ठरावीक जागा हवी असेल तर लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर नेणं चांगलं. डिस्क एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड हवी, एक्सफॅटवर लायब्ररी चालत नाही. फोटोज बंद करा, लायब्ररी ओढून तिथे कॉपी करा, मग ऑप्शन की दाबून धरत फोटोज उघडा आणि नवी जागा निवडा. आयक्लाउड वापरत असाल तर सेटिंग्जच्या जनरलमध्ये 'यूज ॲज सिस्टीम फोटो लायब्ररी' दाबायला विसरू नका. फोटो व्यवस्थित उघडतात हे बघूनच आतली प्रत काढा. त्याच दिवशी टाइम मशीनचे पर्याय उघडून वगळलेल्या डिस्कची यादी तपासा. बाहेरची डिस्क त्या यादीत असेल तर ती तिथून काढा, नाहीतर फोटोंचा बॅकअप होणार नाही.