पॅरिसचा पाऊस आन् आमची आजी

२०३० च्या कॉमनवेल्थ स्पर्धा अहमदाबादला ठरल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे, उद्घाटन कसं झालं पाहिजे. एक भाऊ म्हणतो ड्रोन पाहिजेत, दुसरा म्हणतो बीजिंग ऑलिंपिकसारखं करा, जगानं तोंडात बोटं घातली पाहिजेत. मला ते "जगानं" काही केल्या पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायचं तर पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाची रात्र सांगावी लागंल.

२६ जुलै २०२४. मी माहेरी, मराठवाड्यात सेलूला होते. आपल्याकडं रात्री अकराला सुरू झालं ते पार तीनपर्यंत चाललं. घरातले सगळे झोपले, आजीला मात्र झोप येत नव्हती म्हणून ती माझ्याशेजारी बाजंवर पाय पोटाशी घेऊन बसली. स्टेडियम नव्हतंच, सीन नदीतून सहा किलोमीटर पंच्याऐंशी बोटी आणि त्यात खेळाडू. आजी म्हणे, "दिंड्या निघाल्यावानी दिसतंय गं." मग धो धो पाऊस सुरू झाला. माझ्या मोबाईलवर सगळे हळहळायले होते, पावसानं वाट लावली, प्लॅनिंग नाही, आणि आजी काय म्हणाली? "नशिबाचे हायेत. कार्याला पाऊस आला."

आदल्या वर्षीचा कोरडा ऑगस्ट आम्ही भोगलेला, सोयाबीन डोळ्यांदेखत माना टाकायलं होतं. त्या घरात बसून पावसाला नावं ठेवायची माझीच हिंमत झाली नाही. तिथले नाचणारे भिजले, पियानोवर पाणी साचलं, हाल झाले हे खरंच आहे, पण तेच पाणी बघून आजीनं हात जोडले हेबी तितकंच खरं.

पुढं एका जुन्या इमारतीच्या खिडकीत लाल कपड्यातली बाई दिसली, धडावर डोकं नाही, डोकं हातात, आणि ते डोकं गायलंय. मी दचकले. आजी जरापण दचकली नाही, पुढं सरकून विचारती, "ही कुठली देवी हाये?" आमची कुलदेवी माहूरची रेणुका. परशुरामानं आईचं शिर उडवल्याची गोष्ट आजीनं लहानपणापासून ऐकलेली आणि माहूरला पूजा होती ती निस्त्या मुखाचीच. मी तिला सांगितलं, देवी नाही, त्यांची राणी होती, मारी आंत्वानेत, ह्याच इमारतीत कैदेत होती आणि १७९३ ला तिचं डोकं उडवलं. आजी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणे, "आन् तिलाच गायला लावलं व्हय." फ्रेंच माणसाला त्यात राज्यक्रांती दिसली असंल, बाहेरच्या कितीतरी जणांना किळस आली. खिडकी एकच, पण बघणारा आपल्या घरून जे घेऊन आला तेच त्याला दिसलं.

ते मेजवानीचं दृश्य आलं त्यावर तर जगभर भांडणं झाली. त्यात होते तसे बायकी वेशातले पुरुष आम्हाला नवे नाहीत, भारुडात पुरुषच लुगडं नेसून उभा राहतो आणि माणसं मांडी घालून ऐकतात. पण पुष्कळ ख्रिस्ती लोकांना त्यात येशूचं शेवटचं भोजन दिसलं आणि ते दुखावले. दिग्दर्शक म्हणाले आम्ही ग्रीक देवांची मेजवानी दाखवली, आयोजकांनी नंतर माफीपण मागितली. मला वाटतं दुखावलेल्या माणसाला "तुला कळलं नाही" असं म्हणू नये. उद्या विठोबाच्या बाबतीत कुणी असं केलं तर मी समजावून घेत बसंन का? नाही बसणार.

आपल्या खेळाडू पोरींनी नेसलेल्या साड्यांवरून आई सकाळी चिडली ते वेगळंच. पैठण इतक्या जवळ, त्यामुळं आमच्याकडं साडी आधी उलटी करून बघतात, काठाची नक्षी मागूनबी तेवढीच साफ पाहिजे, आणि इथं इकतची, म्हणजे रंगवलेल्या सुतातून विणायची नक्षी छापलेली! आईचा राग मला शंभर टक्के मान्य आहे.

पण मला सगळ्यात आवडलं ते शेवटी. शार्ल कोस्त, १९४८ चे सायकलिंगचे सुवर्णपदकवाले, वय शंभर वर्षं, व्हीलचेअरवर, हातात मशाल. त्यांच्याकडून ज्योत ज्यूदोपटू टेडी रिनेर आणि धावपटू मारी-जोझे पेरेककडं गेली, दोघंबी कॅरिबियनमधल्या फ्रान्सच्या ग्वादेलूप बेटावर जन्मलेले. आजी ताठ बसली. आमच्या गावच्या कबड्डीच्या मैदानात नारळ फोडायला आजबी म्हाताऱ्या पैलवानालाच बोलावतात, थोराच्या हातानं काम सुरू करायचं. एवढ्या चार तासांत तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही असं ते एकच ठिकाण.

आता बीजिंग. २००८ ला मी आठवीत होते. उद्घाटनाला मोजून २००८ वादक एका तालात, अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर कळलं की लाल फ्रॉकमधली जी गोड पोरगी गाताना दिसली तिचा आवाजच नव्हता. खरं गाणारी सात वर्षांची पोर दिसायला चांगली नाही म्हणून मागं ठेवली होती. हे वाचलं आणि मला आमच्या शाळेचं स्वागतगीत आठवलं. माझी मैत्रीण गायची, काय आवाज होता, पण सावळी म्हणून तिला पडद्याच्या बाजूला उभं केलं आणि माइकपुढं मला. मी निस्ते ओठ हलवले. पाहुण्यांनी माझं कौतुक केलं, माझ्या हातात पेन दिला, आणि ती पडद्याची कड बोटाला गुंडाळत उभी होती. मी तो पेन तिला द्यायला गेले तर तिनं घेतला नाही.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, ड्रोन आणा नाहीतर नका आणू, हलगी-संबळ वाजू द्या, बाहेरच्याला नाही कळलं तर तो विचारील, आजीनं विचारलं तसं. आणि जी पोरगी गाईल तिलाच माइकपुढं उभी करा.