एक नक्षी, चार कापडं आणि छापखान्यातला दिवस

कापडाच्या डिजिटल छापखान्यात गेले तेव्हा पिशवीत चार तुकडे होते: सुती, रेशीम, पॉलिएस्टर आणि ‘शुद्ध सुती’ म्हणून गळ्यात मारलेला एक. नक्षी एकच. शाई तिथेच ठरवू म्हटलं.

छापणाऱ्या दादांनी नक्षीकडे पाहिलंही नाही. प्रत्येक तुकड्याच्या कडेचा धागा ओढून चिमट्यात धरला आणि पेटवला. सुती धाग्याची भुरी राख झाली, रेशमाला केस जळल्याचा वास आला. चौथ्याच्या टोकाला टणक काळा मणी उरला. “ताई, यात पॉलिएस्टर आहे. पिगमेंटवर, म्हणजे धाग्यावर चिकटून बसणाऱ्या शाईने छापू.” मी हट्टाने रिॲक्टिव्ह सांगितली.

रिॲक्टिव्ह शाई सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडली जाते. त्यासाठी कापडाला आधी सोडा, युरिया आणि अल्जिनेटचा लेप लागतो. छापल्यावर १०२ अंशांच्या आसपास वाफ, मग धुलाई. वाफेआधी रंग अगदी मेलेला दिसतो, तेव्हा घाबरू नका. धुऊन आल्यावर सुती तुकडा झळकत होता. माझा ‘शुद्ध सुती’ मात्र विटलेल्या पडद्यासारखा! पॉलिएस्टरच्या तारांनी रंग धरलाच नव्हता, सगळा पाण्याबरोबर गेला.

रेशमाला ॲसिड शाई वापरली. वाफ जास्त वेळ, रंग देखणा. पॉलिएस्टरचं काम सर्वांत झटपट: सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने वाफ होऊन कापडात शिरणाऱ्या शाईने, आधी कागदावर छापायचं आणि २०० अंशांच्या प्रेसखाली मिनिटभरात रंग कापडात. फक्त कापड पांढरं किंवा फिकट हवं, कारण ही शाई गडद रंग झाकत नाही.

शेवटी चौथा तुकडा पुन्हा छापला, पिगमेंटवरच. वाफ नाही, धुलाई नाही, नुसती कोरडी उष्णता. पण भरीव काळ्या भागावर ओला रुमाल घासला तर डाग उमटला, आणि कापडही जरा ताठरलं. उशीच्या अभ्र्याला चालेल. ओढणीला मी घेणार नाही.

तुम्ही जाणार असाल तर स्टीमर आणि धुलाई तिथेच आहे का, हे निघण्याआधी विचारा; नसेल तर रिॲक्टिव्हचा विचार सोडा. वीतभर नमुना छापून घ्या, घरी दोन-तीनदा धुवा, मगच ताका द्या. नमुन्यावर छापलेला चौकोन धुण्याआधी आणि नंतर मोजा. माझा सुती तुकडा लांबीत आटला आणि नक्षीतले गोल चक्क अंडाकृती झाले.