तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्टोबरात कुठला फ्लाय लावायचा?

सप्टेंबर संपत आला की मेसेज सुरू होतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड हे इन्शुरन्स कंपन्यांचं शहर, त्यामुळे आसपास आपली आयटीवाली मंडळी भरपूर. पानांचे रंग बघायला ती बार्कहॅमस्टेडकडे येतात, फार्मिंग्टन नदीत मासे धरायला कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं बघतात आणि एखाद्याला हुक्की येते. मग विचारणा होते, "ताई, या दिवसांत कुठला फ्लाय लावता? नाव सांगा, आजच दुकानातून घेतो."

नावं सांगते. पण शरदातल्या या नदीवर नावापेक्षा नंबरावर जास्त अवलंबून असतं, आणि लोक घेतात तो फ्लाय बहुतेक वेळा दोन पायऱ्या मोठा असतो. अगदी नवख्यांसाठी: फ्लाय म्हणजे बारीक गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. नंबर जितका जास्त तितका गळ लहान. २२ नंबर म्हणजे साधारण तिळाएवढा. तो बघून "हा माशाला दिसतो तरी का?" असं प्रत्येक जण विचारतो. दिसतो. ऑक्टोबरात मासा दिवसभर तेवढ्याच आकाराचं खात असतो.

फ्लायच्या आधी पाणी बघा. फार्मिंग्टनची वेस्ट ब्रँच, म्हणजे पश्चिमेकडचा फाटा, गुडविन धरणाच्या तळातून सुटते. इथली माणसं धरणाला हॉगबॅकच म्हणतात. किती पाणी सोडलंय ते रिव्हर्टनच्या मापकावर घरबसल्या कळतं. एकक तेच, आपल्या पेपरात पावसाळ्यात कोयनेच्या विसर्गासाठी वाचतो ते क्युसेक. आकडे मात्र किरकोळ: दीडशे ते तीनशे असेल तर चर्च पूल नावाच्या डोहात निवांत उभं राहता येतं, पाचशेच्या वर गेला की मी काठ सोडत नाही. एक गोम आहे. रिव्हर्टन गावाच्या खाली स्टिल नदी येऊन मिळते, आणि तो मापक संगमाच्या वर आहे. प्लेझंट व्हॅलीला जाणार असाल तर स्टिल नदीचा रॉबर्ट्सव्हिलचा आकडा त्यात मिळवावा लागतो. पावसानंतर गढूळ पाणी येतं तेही तिच्यातूनच.

तापमानाचं गणित तर उलटंच. उन्हाळ्यात धरणाच्या तळाचं पाणी बर्फगार असतं, म्हणून जुलैमध्येही इथे ट्राऊट हा थंड पाण्यातला मासा खुशाल राहतो. पण उन्हाळाभर तेच पाणी सोडत राहिल्यामुळे तळाचा थंड थर आटत जातो, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला धरणातून येणारं पाणी जुलैपेक्षा कोमट असू शकतं. बाहेर स्वेटर घालायची वेळ आलेली असते आणि धरणाखाली नदी मात्र अजून उन्हाळ्यातच असते. त्याच सुमारास खालचे टप्पे, कॉलिन्सव्हिल-युनियनव्हिलकडचे, रात्रीच्या गारव्याने थंड व्हायला लागतात. उन्हाळ्यात तिथे मासेमारीचं नावही काढू नये असं माझं मत आहे, पण ऑक्टोबरात आवर्जून जावं. गर्दीही कमी. नाहीतर शनिवारी चर्च पूलला गाडी लावायला जागा मिळत नाही.

आता किडे. सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी आयसोनिकिया नावाचे किडे असतात. त्यांची अळी पाण्यात माशासारखी पोहते, पाठीवर पांढरी रेघ असते आणि पंख फुटायच्या वेळी ती दगडावर चढून कात टाकते. खळखळत्या पाण्याच्या कडेला दगडांवर या रिकाम्या काती दिसल्या की १४ नंबरचा लेडविंग कोचमन लावायचा आणि प्रवाहाला आडवा, हळूहळू काठाकडे ओढत आणायचा. उन्हाळ्यात याच किड्याला १२ नंबर चालतो, शरदात तो अंगानेच लहान असतो. पाऊस पडून गेल्यावरच्या दमट, उबदार दुपारी पंखवाल्या मुंग्या पाण्यात पडतात. तसा दिवस क्वचित मिळतो, पण मिळाला की मासे बाकी सगळं सोडून मुंग्याच खातात. म्हणून २२ नंबरच्या दोन मुंग्या डबीत कायम ठेवा.

मात्र ऑक्टोबर खरा बेटिसचा. इथे त्याला ब्लू-विंग्ड ऑलिव्ह म्हणतात: हिरवट-करडं अंग, राखाडी उभे पंख. पानं बघायला आलेल्यांना लख्ख ऊन हवं असतं. मला भुरभुर पाऊस आणि शिशासारखं आभाळ. अशा गारठ्यात किड्यांचे पंख लवकर वाळत नाहीत, त्यामुळे ते पाण्यावर जास्त वेळ तरंगत राहतात. दुपारी एकनंतर थांबून बघा. संथ पाण्यात लहान लहान वर्तुळं उठायला लागतात. लगेच फ्लाय टाकू नका, वर्तुळ नीट बघा. मागे बुडबुडा राहिला तर माशाने वरचा किडा घेतला, म्हणजे त्याच्याबरोबर थोडी हवाही तोंडात गेली. बुडबुडा नाही, नुसती पाठ आणि शेपूट वळताना दिसली, तर तो पृष्ठभागाच्या किंचित खाली, अजून कातीतून पुरते बाहेर न आलेले किडे टिपतोय. लोक इथे फसतात. तासभर वर तरंगणारा फ्लाय टाकत राहतात आणि मासे त्याच्या आजूबाजूला खात राहतात.

पहिल्या प्रकाराला २२ नंबरचा पॅराशूट ॲडम्स पुरतो. मूळ ॲडम्स मिशिगनच्या लेन हॅलाडेने १९२२ मध्ये बांधला, आणि शंभर वर्षांनंतरही त्याचा करडा रंग कुठल्याच किड्याशी फारसा फटकून नसतो. दुसऱ्या प्रकाराला आरएस२, कोलोरॅडोच्या रिम चंगने केलेला. बीव्हरच्या फरचं अंग, शेपटीचे दोन केस, पंखाच्या जागी करड्या पिसाचा ठिपका, बस. महिना संपत येतो तसा २४वर उतरायचं. या आकारात रंगाचा फार विचार करू नका. आकार बरोबर असेल आणि फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहत असेल तर मासा घेतो. दोरीने जरासा ओढला गेला की पाण्यावर बारीक रेघ उमटते आणि मासा तोंड फिरवतो. त्यासाठी टोकाची दोरी सेव्हन एक्स लागते, जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर. मासा लागला की हिसका मारायचा नाही, काठीचं टोक नुसतं उचलायचं.

मग पानगळ. महिन्याच्या मध्यावर दोन-तीन दिवस वारा सुटतो आणि नदी पानांनी भरून जाते. पाण्याखालून फ्लाय न्यायचा तर दर फेकीला मेपलचं पान. प्रवाहात ओलं पान गळाला लागलं की काठी अगदी मासा लागल्यासारखी वाकते. नुसती मान हलवत नाही एवढाच फरक. त्या दिवसांत पानांची मुख्य धार सोडा आणि तिच्या आतल्या बाजूला, संथ पाण्यात वर तरंगणारा फ्लाय टाका. किंवा सरळ घरी बसून फ्लाय बांधा. पानं तळाशी बसली की नदी पुन्हा मोकळी होते, पण धरणातून विसर्ग वाढवला तर तीच पानं परत उठतात.

ब्राऊन ट्राऊटबद्दल सांगायलाच हवं, कारण मोठ्या माशाचा फोटो हवा असतो तो त्याचाच. हा इथला मूळचा नाही, १८८३ मध्ये जर्मनीतून त्याची अंडी अमेरिकेत आली. ऑक्टोबरच्या शेवटाकडे विणीचा हंगाम जवळ येतो तसा नर आक्रमक होतो, पोटाला सोनेरी-केशरी रंग चढतो, खालचा जबडा आकड्यासारखा वळतो. तेव्हा ६ किंवा ८ नंबरचा काळा वुली बगर, म्हणजे मोठा केसाळ फ्लाय, पहाटे खोल पाण्यातून झटके देत ओढला तर तो चिडून धावतो. वर सांगितलेल्या नंबरांना हा एकच अपवाद. पण उथळ पाण्यात आजूबाजूच्या शेवाळलेल्या खड्यांपेक्षा उजळ, घासून काढल्यासारखा वाळू-खड्यांचा पट्टा दिसला तर ते घरटं असतं. मादीने शेपटीने खणून त्यात अंडी घातलेली असतात. त्यावर पाय ठेवायचा नाही आणि तिथे उभ्या माशांना फ्लाय दाखवायचा नाही. अंड्याच्या आकाराचे केशरी फ्लाय दुकानात मिळतात, कायद्याने चालतात, आणि घरट्यांच्या खालच्या बाजूला हमखास मासा देतात. मी ते लावत नाही. लावणाऱ्यांशी वादही घालत नाही, फक्त त्यांच्या शेजारी उभी राहत नाही.

नोव्हेंबरसाठी विचारत असाल तर झेब्रा मिज नावाचा फ्लाय, २२ नंबर, वर चांदीचा मणी. सकाळी लवकर उठायची गरज नाही, दुपारी बारा ते तीन पुरे. लायसनबरोबर ट्राऊटचा स्टॅम्प घ्यायला विसरू नका, आणि वेडर्सच्या (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक पँटच्या) आत लोकरीचे मोजे घाला, सुती नकोत.