तुम्ही विचारलंत म्हणून: त्या टबात गुरुजी का बसत नाहीत

मी तलावात पोरांना शिडाची होडी शिकवतो; आमच्या लहानशा होडीला लोक टब म्हणतात. साकोलीच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, प्रश्न एकच. "गुरुजी, आपल्याकडं एवढं सागवान, अन् तुम्ही प्लायवूडच्या टबात पोट्टे सोडता? एकेकटे?"

बल्लारशाहचं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेलं, ठाऊक आहे मला. दार पाण्यात टाकायचं नसतं.

माझी पहिली होडी सागवानाचीच होती. चौदा फुटी, फळीला फळी जोडलेली. मी मध्ये बसणार, चार पोरं भोवती, असा थाट. उन्हाळाभर ती छपरीत पालथी होती. आपल्याकडचं ऊन लाकडातला ओलावा शोषून घेतं. जूनमध्ये पाहिलं तर सांध्यांत पोस्टकार्ड सरकेल एवढ्या फटी. दोन दिवस पाण्यात भिजत ठेवली असती तर फळ्या फुगून फटी मिटल्या असत्या. हे मला माहीत होतं. शाळा सुरू व्हायच्या होत्या, मी डांबर फासलं आणि मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, उतरवली.

तलावाच्या मध्यावर पाणी घोट्याला लागलं. एक मुलगी डब्याच्या झाकणानं उपसत होती. तेवढ्यात पश्चिमेकडून वावधन, वादळी वारं, आलं. शिडाची दोरी हातात हवी, झुळूक जोराची आली की सोडता येते. एनसीसीतला पहिला धडा. मी ती खुंटीला बांधली होती, दोन्ही हात वर करून शिकवता यावं म्हणून.

होडी आडवी झाली. आत पाणी भरलेलं, उठेना. मी मोजलं: तीन. पुन्हा मोजलं: तीनच. झाकणवाली शिडाखाली होती. लाइफ जॅकेट तिला वर ढकलत होतं आणि वर ओलं शीड चिकटलेलं. मी कापड उचललं तेव्हा ती तोंड वर करून तेवढ्याशा पोकळीत श्वास घेत होती. झाकण तिच्या हातातच होतं.

डोंगा घेऊन आलेले मासेमार ढिवरबाबा एवढंच म्हणाले, "गुरुजी, आमच्या डोंग्याले शीड नसते, ते याच्याचसाठी."

ती मुलगी पुन्हा होडी शिकायला आली नाही. तिची आई रस्त्यात नमस्कार करते, विचारत काही नाही. तुम्ही विचारता.

तर तो टब. नाव ऑप्टिमिस्ट. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी आखला, आठ बाय चार फुटांच्या दोन प्लायवूडमध्ये बसेल असा, म्हणून नाक बोथट. प्लायचे पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले, त्यामुळे उन्हात फटी पडत नाहीत. नियमानं वजन कमीत कमी ३५ किलो. आपलं मरीन प्लाय जड, आमची ४८ भरली. शीड धोतराएवढं. आत हवेच्या तीन पिशव्या. उलटली तर पोरानं तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर भार द्यायचा, होडी उठते. तीच फळी बेशरमाच्या झुडपांजवळ अडकू नये म्हणून हातानं वर ओढून घ्यायची.

एवढं सगळं पटवून देतो मी. रात्री मात्र वाटतं, टब निवडला तो पोरांसाठी, की त्यात मी मावत नाही म्हणून? त्या दिवशी तिघं एकमेकांना धरून होती. टबात धरायला कोण आहे?

आता मी ढिवरबाबांच्या डोंग्यात बसून मागे असतो. परवा एक पोरगा उलटला. मी उभा राहिलो, डोंगा हलला. बाबा म्हणाले, "बसा." बसलो. तलावात तो एकटाच होता, तरी मी मोजलं.