तुम्ही विचारलंत म्हणून : तो माणूस का झाला नाही

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो : "शेवटी त्याला माणूस का केलं नाहीत?" कुमारवयातल्या वाचकांसाठी लिहिलेल्या माझ्या कादंबरीत एक मुलगा रात्री तरस होतो. जन्मापासूनच. एक मुलगी त्याच्या प्रेमात पडते, आणि शेवटच्या पानावरही तो रात्री तरसच होतो. मुलांनी विचारलं, त्यांच्या आईवडिलांनी विचारलं, शिक्षकांनी विचारलं. काहींनी रागानं, काहींनी अगदी कळवळून. मी दरवेळी दोन वाक्यांत सुटका करून घेत आले. आज तसं करत नाही.

आधी तरसाचं. लांडगा का नाही, बिबट्या का नाही, हेही विचारतात. लांडगा आणि बिबट्या देखणे आहेत, त्यांच्या प्रेमात पडायला फारसं काही लागत नाही. अशा कादंबऱ्यांत जनावर बहुतेकदा नायकाचा दागिना असतं : ताकद जास्त, अंगात ऊब जास्त, नाक तीक्ष्ण, आणि माणूस म्हणून तो मुळात देखणा असतोच. मला ज्याच्या रूपाचं कुणी कौतुक करत नाही असं जनावर हवं होतं. पट्टेरी तरसाचे मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा आखूड असतात, त्यामुळे पाठ उतरती दिसते आणि चाल लंगडल्यासारखी वाटते. तो बहुधा एकटाच हिंडतो, इतरांनी टाकलेली हाडं फोडून खातो. आणि भ्याला की मानेपासून पाठीवरची आयाळ ताठ उभी करतो, त्यामुळे आहे त्याहून बराच मोठा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, हा आता अंगावर येणार. पंधरा-सोळा वर्षांच्या किती मुलांना मी असं आयाळ उभी करून वर्गात बसलेलं पाहिलंय. दुसरं जनावर मला सुचलंच नाही.

आता शेवटाचं. कादंबरी होण्याआधी ही एक कथा होती आणि ती एका वार्षिक अंकात छापून आली. अंकाचं नाव सांगत नाही, संपादकांचंही नाही. मी लिहिलेला शेवट असा होता : संध्याकाळ होते, मुलाला बदल जाणवू लागतो, आणि मुलगी त्याच्याकडे पाठ करून बसते. बदलताना कुणी पाहिलेलं त्याला आवडत नाही, हे तिला ठाऊक असतं. पाठीमागे श्वासाचा आवाज बदलतो. ती वळत नाही, उठूनही जात नाही. कथा तिथं संपते.

अंक हातात आला. शेवटचं पान उघडलं, तर माझ्या शेवटानंतर एक अख्खा परिच्छेद होता. त्यात मुलगी वळते. तरसाकडे पाहून तिला रडू येतं, तिचं आसू त्याच्या कपाळावर पडतं, पट्टे विरत जातात, उजाडतं, आणि समोर तो मुलगा असतो, कायमचा. खाली माझं नाव. मी ते पान पुन्हापुन्हा वाचलं. छपाईत दुसऱ्या कुणाच्या कथेचा तुकडा इथं आला असेल, अशी आशा करत राहिले.

संपादकांशी बोलले. ते सभ्यपणे, समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुमचा शेवट अपुरा वाटत होता. या वयाच्या मुलांना आशा लागते." मी म्हटलं, आशा होती त्यात, ती उठून गेली नाही. ते म्हणाले, "ते फार सूक्ष्म झालं." संभाषण तिथं संपलं. वाईट वाटायचं ते पुढंच होतं. कथेचं कौतुक करणारी पत्रं आली, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात त्याच परिच्छेदाचा उल्लेख होता. माझ्या आईनं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना तिचा आवाज भरून आला. म्हणाली, "हे तू फार सुंदर लिहिलंस." मी गप्प राहिले. तो परिच्छेद माझा नाही हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही सांगितलं नाही. पुढं कादंबरी आली तेव्हा तिनंच विचारलं, "तो आधीचा छान शेवट का गं काढलास?" म्हणजे हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा माझ्या आईनंच विचारलाय. आई, हे वाचशील तेव्हा तुला उत्तर मिळेल.

आणि हेही सांगायला हवं की तो परिच्छेद बरा लिहिलेला होता. आईच्या आवाजात ऐकताना माझाही घसा दाटला. मग मला त्याचा एवढा राग का येतो, हे शोधायला मी जुन्या कथांकडे गेले.

बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीनं "बिस्क्लाव्हरे" ही कथा काव्यात सांगितली. एक सरदार दर आठवड्याला तीन दिवस लांडगा होऊन रानात राहतो. बायको लाडीगोडीनं त्याच्याकडून गुपित काढून घेते : कपडे परत मिळाले नाहीत तर त्याला माणूस होता येत नाही. ती ते कपडे चोरवते. तो लांडगाच राहतो. स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या सेल्कीच्या कथांमध्ये याच्या नेमकं उलट घडतं. सीलची कातडी उतरवून बाई होणारी ती, तिची कातडी एक माणूस लपवतो, तिच्याशी लग्न करतो, मुलं होतात. पुढं कधीतरी कातडी सापडते आणि ती समुद्रात निघून जाते. एक जनावर होऊन अडकला, दुसरी माणूस होऊन अडकली. दोन्ही कथांत रूप बदलणं हा गुन्हा नाही. ते बदलणं दुसऱ्यानं आपल्या ताब्यात घेणं, हा गुन्हा आहे.

"मग सौंदर्यवती आणि पशूच्या गोष्टीत तो माणूस होतोच ना?" होतो. १७४० मध्ये व्हिलनव्ह या लेखिकेनं ती फ्रेंचमध्ये लिहिली तेव्हापासून होतो. पण तो मुळात राजपुत्र होता, जनावराचं रूप त्याच्यावर लादलेलं होतं. शाप उतरला म्हणजे त्याचं त्याला परत मिळालं. २००९ मधल्या "शिव्हर" या इंग्रजी कादंबरीतला सॅम थंडी पडली की लांडगा होतो, आणि त्याला माणूस म्हणून राहायचंय, अगदी जिवाच्या आकांतानं. त्याच्या उपचाराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझ्या कथेतल्या मुलाला कुणी शाप दिलेला नाही. त्यानं कुठंही म्हटलेलं नाही की मला बरं करा. त्या परिच्छेदात त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मुलगी रडली, आणि त्याचं अर्धं आयुष्य गेलं.

बिस्क्लाव्हरेच्या शेवटी एक तपशील आहे, तो मला आधी माहीत असता तर संपादकांना सांगितला असता. कपडे मिळतात, पण लांडगा सगळ्यांसमोर ते अंगावर घेत नाही. तेव्हा एक जाणता राजाला सांगतो की याला लाज वाटतेय, याला खोलीत एकट्याला सोडा. राजा दार लावून घेतो. माझ्या कथेतली मुलगी पाठ करून बसते ती याचसाठी.

पण सोळा वर्षांची मी हे ऐकून घेणार नाही. २००८ मध्ये "ट्वायलाइट" मालिकेतली "ब्रेकिंग डॉन" ही कादंबरी आली, त्यात लांडगा होणारा जेकब एका नवजात मुलीशी कायमचा बांधला जातो. त्याला निवड नाही, तिला तर नाहीच. आज मला त्यावर बोलायला लागलं तर थांबता येत नाही. तेव्हा मला ते प्रेमाचं सर्वांत उंच टोक वाटलं होतं. कुणीतरी असं जडावं की सोडून जाण्याची शक्यताच उरू नये. त्या सोळा वर्षांच्या मला मी आज स्वातंत्र्याचं महत्त्व सांगू लागले तर ती म्हणेल, तुला सोपं आहे, तुला आता कुणी टाकून जाईल याची भीती उरलेली नाही. मी म्हणेन, ज्याला जाता येत नाही त्याच्या राहण्याला काय अर्थ? ती म्हणेल, मला अर्थ नको, तो राहायला हवा. तिच्या या बोलण्यावर माझं अजूनही काही चालत नाही.

एका शाळेत नववीतल्या मुलीनं उभं राहून विचारलं होतं, "तो चावला तर?" कादंबरीत तो चावतो. भ्यालेला असतो, तिच्या दंडावर दात उमटतात, आणि ती बरीच प्रकरणं त्याच्याजवळ जात नाही. परत येते ती स्वतःच्या अटी घेऊन : अंधार पडायच्या आत त्यानं सांगायचं, आज कसा आहेस. ज्या दिवशी तो सांगणार नाही त्या दिवशी ती थांबणार नाही. टॅम लिनच्या जुन्या स्कॉटिश गाण्यात परीराणीच्या ताब्यातल्या टॅम लिनला सोडवायला त्याची प्रेयसी जॅनेट त्याला मिठीत धरून ठेवते. तो साप होतो, तापलेलं लोखंड होतो, ती सोडत नाही. त्या मिठीचं कौतुक होतं तेव्हा एक गोष्ट विसरली जाते : मी काय काय होईन आणि तू काय करायचंस, हे त्यानं तिला आधीच सांगितलेलं असतं. मी त्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण खऱ्या आयुष्यात आधी कुणी सांगत नाही." आणि खाली बसली.

तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. जो आहे तसा स्वीकार आणि जो आहे ते सोसत राहा, यांच्यातली रेघ मी कादंबरीत अटी घालून आखली, पण ती सगळ्या वाचकांना दिसेलच याची खात्री देता येत नाही. काही पालक म्हणतात, तुम्ही मुलींना चावे सहन करायला शिकवता. मी ते मानत नाही, पण ऐकून झोप उडते हे खरं आहे. दुसरा भाग लिहितेय. त्यात मुलगी आपली अट एकदा मोडते, आणि त्यानंतर ती दोघं एकत्र राहावीत की नाही, यावर माझे मसुदे एकमेकांशी भांडताहेत. तो मात्र तरसच राहणार आहे. या वेळी करारात मी लिहून घेतलंय की शेवटच्या पानाला माझ्या परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही.