आलेखकागदावरचा रविवार

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेखनाचे निमंत्रण आले, तेव्हा सर्वप्रथम आठवला तो नववीच्या वर्गातील एक आलेखकागद. ब्रिटिश गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला ‘गेम ऑफ लाइफ’ हा चौकटींच्या कागदावरचा खेळ आमच्या गणिताच्या बाईंनी एका शनिवारी शेवटच्या तासाला फळ्यावर मांडला. भोवतालच्या आठ घरांपैकी दोन किंवा तीन भरलेली असली तर भरलेले घर टिकते, रिकाम्या घराभोवती नेमकी तीन भरलेली असली तर तेही भरते, आणि उरलेली सारी पुढच्या फेरीत, म्हणजे पुढच्या ‘पिढीत’, रिकामी असतात. पाच घरांची ‘ग्लायडर’ ही आकृती दर चार पिढ्यांनी एक घर तिरकी सरकते, हे आम्ही पेन्सिल आणि खोडरबर घेऊन पडताळत असतानाच, तिसऱ्या पिढीवर, शाळा सुटल्याची घंटा झाली. सोमवारी चौथी पिढी काढून झाल्यावर बाईंनी विचारले, “मधला रविवार या ग्लायडरला कळला असेल का?”

आम्ही एका सुरात “नाही” म्हणालो आणि डबे उघडले.

पुढे निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञांचा २००३ सालचा निबंध वाचताना तो रविवार पुन्हा समोर आला. आपले जग संगणकात चाललेले असावे, असे त्यांनी ठामपणे म्हटल्याचे पुष्कळजण सांगतात. प्रत्यक्षात त्यांनी तीन शक्यता मांडल्या आहेत. बहुतेक संस्कृती असे जग संगणकात चालवण्याची क्षमता येण्यापूर्वीच नष्ट होतात, किंवा क्षमता असूनही पूर्वजांची अशी प्रतिरूपे (सिम्युलेशन) चालवण्यात त्यांना रस नसतो, किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे अशाच एका प्रतिरूपात आहोत. यांपैकी किमान एक खरी असली पाहिजे, एवढाच त्यांचा दावा आहे. तोही, संगणकात जाणीव निर्माण होऊ शकते हे गृहीत धरून.

मी उपजीविकेसाठी पावसाची संगणकीय प्रतिरूपे चालवतो. वीज गेली की माझा मान्सून अरबी समुद्रावर थबकतो, आणि वीज आल्यावर साठवलेल्या टप्प्यावरून असा पुढे सरकतो, की आकड्यांत खंडाची खूणही सापडत नाही. मात्र त्या पावसाने कुणी भिजत नाही, आणि बोस्ट्रॉम यांचे गृहीतक मला इथेच अडते. आकड्यांतला पाऊस ओला नसेल, तर आकड्यांतल्या मनाला काही जाणवेल हे कशावरून? अर्थात, ग्लायडरच्या वतीने “नाही” असे उत्तर देताना आम्ही त्याला विचारले नव्हते, हेही खरे.

तो ग्लायडर अखेर समासापाशी पोहोचला, तेव्हा बाईंनी डिंकाने दुसरा कागद जोडून दिला.