बोरिवलीचे डोंगर सह्याद्रीत मोडतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण हा प्रश्न दर पावसाळ्यात येतोच: बोरिवलीचे, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले, डोंगर सह्याद्रीचाच फाटा ना?

नाही. खडक त्याच घराण्यातला, दख्खनच्या लाव्ह्याचा, पण हे डोंगर साष्टी बेटावरचे आहेत, मुंबईची उपनगरं ज्यावर वसलीत त्या. खात्री लोकलमध्ये बसूनही करता येते. भाईंदर सोडलं की नायगावच्या आधी गाडी वसईच्या खाडीवरून जाते, ठाणं सोडलं की कळव्याच्या आधी ठाण्याच्या खाडीवरून. या दोन पुलांच्या अलीकडे जे हिरवं दिसतं ते बेटावरचं. दक्षिणेची माहीमची खाडी आपण भराव घालून जवळजवळ विसरलोय.

दुसरी खूण खडकात आहे. सह्याद्रीतल्या माथेरानच्या कड्यात लाव्ह्याचे थर जवळपास आडवे दिसतात, इथे ते पश्चिमेला, समुद्राकडे कललेले. इथल्या कान्हेरी लेण्यांचा दगड तर निव्वळ बेसॉल्टही (थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक) नाही. ज्वालामुखीतून उडालेले तुकडे राखेत चिकटून तो बनलाय, आणि लेण्याच्या भिंतीला नाक लावून पाहिलंत तर त्यातले खडे सुटे सुटे ओळखू येतात. छिन्नीला तो मऊ पडतो, म्हणून इथे शंभराहून जास्त लेणी निघाली. आणि म्हणूनच ती झिजतातही.

सर्वांत उंच जागा सुमारे 468 मीटर. घाटावरचा माणूस याला टेकाड म्हणेल, म्हणू द्या. पण मोसमी वाऱ्याला एवढा अडथळाही पुरतो. जून ते सप्टेंबरात कुलाब्याला सरासरी 2,095 मिलिमीटर पाऊस, सांताक्रूझला 2,319, आणि डोंगरातल्या तुळशी-विहार तलावांच्या पाणलोटात बहुतेक वर्षी त्याहून जास्त. हे पाणी समुद्रापर्यंत जायला वाट फार थोडी. दहिसर नदी जेमतेम 12 किलोमीटर, विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघणारी मिठी 18. वर उतार, खाली सपाटी, तोंडाशी भरती. पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नदी उलटी तुंबते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, तेव्हा हेच झालं. डोंगरातल्या ओढ्यांचंही तसंच आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला सर पडून गेलेली असते आणि पाणी बघता बघता गुडघ्यावर येतं. ओढा ओलांडून पलीकडे डबा खायला बसू नका.

विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. तुळशी विहारपेक्षा सुमारे 59 मीटर वर, ती भरली की जादा पाणी विहारात उतरतं. विहारचा साठा 27,698 दशलक्ष लिटर, तुळशीचा 8,046. मुंबईच्या सात तलावांत दोघांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. त्याच्या कितीतरी आधी कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंनी कातळात चर खोदून पाणी लेण्याशेजारच्या टाक्यांत उतरवलं होतं. शिलालेखांत त्या टाक्यांना 'पानीयपोढी' म्हटलंय.

जंगल मुख्यतः पानझडी: ऐन, साग, काटेसावर, पळस. ओढ्याकाठी जांभूळ, करंज, तिथे उन्हाळ्यातही सावली टिकते. उतारावर मात्र कारवी या झुडपाचं राज्य, आणि पातळ माती धरून ठेवते तीच. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते: 2008, 2016, 2024. फुलली की मरते. बोंडं वाळून काड्यांवरच राहतात, पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडकन फुटतात आणि बी उडतं. मधल्या उन्हाळ्यात अख्खा उतार वाळक्या काड्यांचा असतो. त्यात विडीचं एक थोटूक पडलं तर आठ वर्षांचं बी जळतं. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढतं ते यासाठी. आता पुढचा बहर 2032 ला.

बिबट्याबद्दल विचारल्याशिवाय कुणी थांबत नाही, म्हणून तेही. 2015 च्या कॅमेरा-मोजणीत 35 बिबटे वेगवेगळे ओळखले गेले. चितळ, सांबर, रानडुक्कर खातात, आणि वस्तीच्या कडेची भटकी कुत्रीही. कचरा तिथे कुत्री, कुत्री तिथे बिबट्या, एवढा सरळ हिशेब. उत्तरेला तुंगारेश्वरचं जंगल आहे, पण मध्ये वसईची खाडी, अलीकडे घोडबंदर रस्ता. बेट असण्याची खरी अडचण इथे कळते: बाहेरून नवं जनावर येणं अवघड, आतलं बाहेर जाणंही अवघड.

बघायला जाणार असाल तर सोमवार सोडून जा, उद्यान आणि लेणी दोन्ही त्या दिवशी बंद असतात.